भरलेले गाल

अतिदक्षता विभागाच्या काचेला माणसं नाकं लावून उभी होती. आत न्हावीदादा श्वासाच्या यंत्रावर पडून होते, आणि त्यांचे बसलेले गाल चक्क भरून आले होते!

"बघा, बघा!" दारात तेजबाबा गरजले. "अन्न रोगाला पोसतं, माझं पाणी जिवाला! गाल बोलतायत, भक्तहो!"

गाल काय बोलले ते एकट्या बाबांनाच ऐकू आलं. गर्दीने मात्र हात जोडले.

दादांच्या बायकोनेही जोडले. वहिनी एरवी असल्यांना दारात उभं करणाऱ्या नव्हत्या. पण नवऱ्याची दाढी त्या रोज स्वतः करत, आणि पूर्वी गालाच्या खळग्यात अडणारा वस्तरा हल्ली कुठेच अडत नव्हता. हाताला कळलेलं खोटं कसं मानायचं? त्या दवाखान्यात नाकातल्या नळीचं अन्न नातलगच कालवून देत. वहिनींनी प्रथिनांची पावडर गुपचूप बंद करून बाबांचं पाणी सुरू केलं होतं.

रजेवरून परतलेल्या डॉक्टरबाईंनी बाबांच्या पाण्याच्या बाटलीतला थेंब चाखला. साखरेचं पाणी! मग त्यांनी दादांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"देवाचा ठसा!" बाबा ओरडले.

"मग तुमचाही पाय पुढे करा."

बाबांच्या नडगीवर काही खड्डा पडेना.

"तुमच्यावर देव रुसला वाटतं? आणि हे गरगरीत अंग काय पाण्यावर पोसलंत?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी पाय ओढून घेतला आणि काढता पाय घेतला.

वहिनी हसल्या नाहीत. "म्हणजे ही सूज आहे?"

"सूजच. अंगात पाणी साठलंय. एवढ्या आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, ताई. प्रथिनं तोडली की आणखीच. दंड पाहिलेत?"

वहिनींनी चादर सारली. दिवसभर कात्री चालवणारा दंड काठीसारखा झाला होता. त्यांनी रोज गालच पाहिले होते.

"आत्ता देते पावडर! माझ्या हातानं देते!"

"द्या. पण श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात."

पुढे यंत्र काढून पाहिलं, तर दादांची छाती थकली. यंत्र पुन्हा लावलं. त्यावरच ते गेले.

"पावडरीने वाचलेच असते असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण त्यांना उपाशीपोटी लढावं लागलं."

वहिनी आजही त्या काचेपाशी येतात. कुणी असल्या पाण्याची बाटली घेऊन आलं की वाट अडवतात.

"अहो, पण चेहरा बघा ना, किती भरलाय!"

"मीही तेच म्हणत होते," वहिनी सांगतात. "आधी चादर उचला. नळीत काय घालायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि डोळ्यांना दिसलं तरी एकदा दाबून बघा."