पाखरांचं पाणी

खळगा कोरडाच होता. बोटाच्या पेराएवढा खोल, कडेला एक टवका उडालेला — लमीनची छिन्नी तिथे घसरली होती — आणि वरच्या दिव्याचा पिवळा उजेड त्यात असा साचलेला, की लांबून पाहणाऱ्याला पाणीच वाटावं. मन्नूबिया लांबून पाहत नव्हती. डोक्यावरून घेतलेल्या सफसारीचं, त्या पांढऱ्या चादरीचं, टोक दातांत धरून ती दगडापुढे उभी होती, दर गुरुवारी राहते तशी, आणि हात पुढे न्यायचा नाही असं स्वतःच्याच हाताला बजावत होती.

"मावशी, दगड काही पळून जात नाही," संग्रहालयाच्या दारावरचा तिजानी म्हणाला. "एखादा गुरुवार घरी बसलीस तरी चालेल."

"तू बसतोस की रोज इथे."

"मला पगार मिळतो."

सत्तावन्न साल होतं ते. माझी लेक सलूहा नुकती वाक्यं बोलायला लागली होती आणि तापाने बघता बघता गेली. तेव्हा आम्ही वर राहायचो, जुन्या गावात. रूमींच्या, त्या जुन्या रोमन लोकांच्या, देवळाची भिंत तीच आमच्या घराची मागची भिंत, खांबाला शेळ्या बांधलेल्या, आणि त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. माझ्या नवऱ्याने, लमीनने, चढावरच्या पडक्या थडग्यांतून हा दगड हुडकला, गाढवावर घालून झऱ्याखाली पोरांच्या कबरस्तानात आणला आणि माथ्यावर हा खळगा खोदला — आमच्याकडे प्रत्येक कबरीवर असतो तसा, पाखरांना पाणी ठेवायला. पाखरू पिऊन जातं, त्याचं पुण्य खाली निजलेल्याला... पण तिला पुण्य कशाला हवं होतं? मला वाटायचं, तेवढीच सोबत. अंधाराला भ्यायची ती.

"रूमींचा दगड पोरीच्या उशाला?" सासू, लल्ला शलबिया, बोललीच. "उठेल ती रूमी भाषा बोलत."

"बोलू दे," लमीन म्हणाला. "घरात कुणीतरी शिकलेलं निघेल." आणि मग छिन्नी घसरली.

एकसष्ट साली पुरातत्त्व खात्याची माणसं आली. रूमींची घरं मोकळी करायला आमची पाडली, आणि खाली सपाटीवर नळाची, सरळ गल्ल्यांची वस्ती दिली. अक्षरं कोरलेले सगळे दगड ट्रकमध्ये गेले, त्यांत हाही. मी त्या दिवशी नव्या घरात भट्टी लिंपत होते... पुढल्या उन्हाळ्यात गेले तर झऱ्याखाली कबरींच्या जागी गव्हाचं धसकट. इथून तिथून सगळं सारखं. कुठे बसावं तेच कळेना.

"मन्नूबिया मावशी, बरं झालं भेटलात." मागून सनिया आली, राजधानीतून जुन्या रस्त्यांचा शोध घ्यायला आलेली ही मुलगी. दगडाखालची पाटी तिनेच एकदा वाचून दाखवली होती : रूमी काळातलं थडगं, माथ्यावर मृताला मद्य अर्पण करण्याचा खळगा. तेव्हा मन्नूबियाला आधी हसू आलं होतं.

सनियाने नकाशा पसरला. "ते लोक थडगी रस्त्याच्या कडेला बांधायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावं, नाव वाचावं म्हणून. हा दगड झऱ्याखाली मिळाला, म्हणजे रस्ता इथून जात होता. बघा." तांबडी रेघ झऱ्याला वळसा घालून नेमकी पोरांच्या कबरस्तानावरून गेली होती.

"वर्दळ असायची?" मन्नूबियाने विचारलं.

"रात्रंदिवस. तेलाचे बुधले, गाड्या, बायका, पोरं. दगड तिथेच होता ना? तुमच्या आठवणीत?"

"तिथेच होता."

खोटं नव्हतं ते. पण पुढचं वाक्य — तिथे आम्ही आणला, आणि खळगा माझ्या नवऱ्याचा — ते म्हटलं की रेघ चढावर जाणार, सलूहाच्या शेजारचा रस्ता उठणार, गाड्या, बायका, पोरं सगळी उठणार, आणि दगड? मागाहून कुणाचा हात लागून बिघडलेले दगड मागच्या उघड्या अंगणात टाकतात, तिने पाहिलं होतं. ना दिवा, ना कुणी थांबणारं.

"अशी पद्धत होती," म्हणत सनियाने मन्नूबियाच्या पिशवीतून डोकावणारी पाण्याची बाटली घेतली आणि खळग्यात ओतली. "मेलेल्यांना तहान लागते म्हणायचे."

"फरशी मी पुसतो, सनिया," तिजानी म्हणाला. "रूमी नाही पुसत."

पाणी काठोकाठ आलं, उडालेल्या टवक्यावरून एक ओघळ खाली उतरला — पूर्वी उतरायचा तसाच, त्याच बाजूने. मन्नूबियाने नकळत मान वर केली, वाट पाहायला. वर छत होतं. पांढरं, स्वच्छ, दिव्यांचं. इतकी वर्षं तिने दिवा पाहिला, पाटी पाहिली, थांबणारी माणसं पाहिली, पण इथे पाखरू येऊ शकत नाही हे... मागच्या अंगणात, टाकलेल्या दगडांवर, चिमण्या भांडत होत्या.

लमीन कामाला फ्रान्सला गेला तो तिकडेच मातीत गेला. त्याच्या कबरीवर खळगा आहे की नाही, कुणी सांगितलं नाही. लल्ला शलबिया नव्या वस्तीच्या कबरस्तानात पहिली. तिजानी निवृत्त झाला, आता गुडघ्यांची तक्रार सांगायला येतो. सनियाचा नकाशा छापला गेला, तांबडी रेघ ठळक आहे. एक प्रत तिने मला आणून दिली आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी तिला आनंदाचं वाटलं.

गुरुवारी मी अजून जाते. सनिया भेटते, विचारपूस करते. दगड तिथे आम्ही आणला, हे वाक्य केव्हाचं तयार आहे, सफसारीचं टोक दातांतून सोडलं की झालं. मी नकाशातल्या रस्त्यावरच्या त्या बायका-पोरांकडे एकदा बघते, एकदा चिमण्या ऐकते... आणि टोक आणखी घट्ट धरते.