मुद्दामची चूक

शिकवणीच्या खोलीत फळा अजून भिंतीवर होता आणि मास्तरही त्याच्यासमोरच्या खुर्चीत होते. फक्त त्यांना घरची माणसं ओळखू येईनाशी झाली होती. बायको वारल्याचं ते विसरले, लेकीचं नाव विसरले. लिमिटची गणितं तेवढी विसरले नाहीत. त्या गणितांचा लेकीला मत्सर वाटायचा.

पण तिला एक युक्ती सापडली होती. परक्याचं पोर चुकलं की मास्तर ती चूक तळव्यानं पुसायचे आणि "छान प्रयत्न" म्हणायचे. स्वतःची पोर चुकली की मात्र डोक्यात टपली. मास्तरांच्या घरात चूक म्हणजे दिव्याखाली अंधार ना! लहानपणी तिला या दुजाभावाचा भयंकर राग यायचा. आता त्याच टपलीसाठी ती रोज संध्याकाळी फळ्यावर मुद्दाम चुकायची. टपली बसली, "ढ गोळा आहेस नुसती" ऐकू आलं, की घटकाभर तिचे बाबा परत यायचे. हल्ली मात्र टपलीला उशीर लागत होता. काल तर हात वर जाऊन तसाच खाली आला होता.

म्हणून आज तिनं घोडचूकच करायची ठरवली. क्ष दोनकडे जाताना, क्ष वर्ग वजा चार भागिले क्ष वजा दोन. तिनं बेधडक क्षच्या जागी दोन टाकले. वर शून्य, खाली शून्य.

"शून्य भागिले शून्य म्हणजे एक," ती म्हणाली आणि डोकं पुढे करून उभी राहिली.

मास्तर सावकाश उठले.

"क्ष दोनच्या जवळ जातो, दोन होत नाही. आधी वरचे अवयव पाडायचे. वरखालचा क्ष वजा दोन उडवायचा. उरलं क्ष अधिक दोन. आता टाका दोन. उत्तर चार."

"मग माझं काय चुकलं, बाबा?"

"थोडी घाई झाली." त्यांनी फळ्यावर तिनं लिहिलेला एक तळव्यानं हळूच पुसला. "छान प्रयत्न. घरी कोणी शिकवतं का तुम्हाला?"

"वडील शिकवायचे."

"मग त्यांनाच विचारत जा," मास्तर मायेनं म्हणाले. "आपल्या माणसाला विचारायला कसली लाज?"

ती हो म्हणाली. डोकं तिनं अजून तसंच पुढे धरलं होतं.