थोरल्यांनी मागवलेलं दुसरं जेवण

धाकटीने इस्पितळाच्या भटारखान्यात अकरा वर्षं काढली होती. रोजची सहाशे ताटं. त्यामुळे सासरच्या धंद्यात, म्हणजे समारंभांना भाड्याने द्यायच्या तंबू, खुर्च्या, दिवे आणि कर्ण्यांच्या जोडीला आपलंच जेवणही द्यावं, असं ती म्हणाली तेव्हा ती काही हवेत बोलत नव्हती. सासऱ्यांना ते पटलं. थोरल्या दिराला मात्र मिरच्या झोंबल्या.

"आपण तंबू ठोकणारी माणसं. आता लोकांची उष्टी काढायची का?"

"भाऊजी, उष्टी आत्ताही आपल्याच तंबूत निघतात. दुसरा काढतो एवढंच."

तो दुसरा म्हणजे जेवणाचे ठेके घेणारा वस्ताद. थोरल्यांचा जिवलग. वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक जेवणासाठी थोरले त्याच्याकडेच धाडायचे, आणि संध्याकाळी दोघांचा पत्त्यांचा डाव ठरलेला.

सासऱ्यांच्या सांगण्यावरून थोरल्यांनी गोदामाचा मागचा भाग तिला दिला; नेमका नळ नसलेला, आणि छतापर्यंत जुन्या कनातींनी भरलेला. "हलवायला माणसं नाहीत," म्हणाले. इस्पितळातून सोबत आणलेल्या दोन आचारणी आणि ती, तिघींनी मिळून दोन दिवस कनाती ओढल्या. नवरा दिवे आणि कर्णे बघायचा. अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज लावणारा तो माणूस थोरल्या भावापुढे तोंडातून ब्र काढत नसे.

पहिलं काम एका कारखान्याच्या वर्धापनदिनाचं मिळालं. तीनशे माणसांचं दुपारचं जेवण. धाकटी सकाळी मैदानावर पोहोचली तर तिचा स्वयंपाकाचा तंबू जनरेटरच्या धुराच्या तोंडावर ठोकलेला.

"जागा तेवढीच होती," थोरले म्हणाले.

मैदानात घोडे पळवता आले असते. ती वाद घालत बसली नाही. खुंट्या उपटल्या, आचारणींना हाताशी घेतलं आणि तंबू पलीकडच्या भिंतीशी नेऊन पुन्हा उभा केला. जनरेटरपाशी तारा जोडत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही.

साडेबाराला वस्तादाचा टेम्पो फाटकातून आत आला. आत तीनशे माणसांचं जेवण! थोरले कारखान्याच्या व्यवस्थापक बाईंना समजावत होते, "यांची पहिलीच वेळ आहे, मॅडम. ऐनवेळी फजिती नको, म्हणून मी सोय करून ठेवली. आमच्या नावाचा प्रश्न आहे."

"म्हणजे तुमचा तुमच्याच माणसांवर भरवसा नाही?" बाईंच्या कपाळाला आठी पडली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने एप्रनच्या खिशातून तापमापक काढला, सरळ टेम्पोत चढली आणि पहिल्या पातेल्यातल्या भातात खुपसला. भात कोमट होता. दुसरं पातेलं उघडलं. तेही तसंच.

"वस्ताद, कधी शिजवलंत?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

वस्तादाने थोरल्यांकडे पाहिलं. थोरले खुर्च्यांकडे पाहू लागले. "चारला," वस्ताद गुरगुरला. "वीस वर्षं असंच देतोय. कोणी मेलं नाही."

"मेलेला माणूस तक्रार करायला येतो होय?" ती खाली उतरली. "मॅडम, आठ तास कोमट राहिलेल्या भाताने माणसं आजारी पडतात. माझी पातेली तिकडे चुलीवर आहेत. स्वतः हात लावून बघा. आणि हे वाढायचं असेल तर मी माझी माणसं घेऊन निघते."

बाईंनी बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "हा टेम्पो आधी बाहेर काढा."

जाताना वस्ताद थोरल्यांना अद्वातद्वा बोलला. "मला बोलावून बाईमाणसाकडून पाणउतारा करवलास!" त्यानंतर पत्त्यांचा डाव बसला नाही.

जेवण चांगलं झालं. शेवटच्या वीसेक जणांना गोड कमी पडलं, आणि ते थोरल्यांनी चारचौघांत मोठ्याने बोलून दाखवलं.

संध्याकाळी घरी त्यांनी बापासमोर पाय आपटले. "हिने माझं नाक कापलं!"

"टेम्पो मला विचारून बोलावलास?" सासऱ्यांनी विचारलं.

तेव्हा नवऱ्याला कंठ फुटला. "दादा, तू तिचा तंबू मुद्दाम धुरात ठोकलास. मी तिथेच होतो."

थोरल्यांच्या आधी धाकटीच त्याच्यावर उसळली. "तिथे होतास ना? मग तिथेच बोलायचं! खुंट्या मी उपटत होते तेव्हा तुझी जीभ काय जनरेटरला बांधली होती?"

सासऱ्यांनी हात वर केला आणि ते थोरल्यांकडे वळले. "जेवणाचं काम ती बघेल. तिचा तंबू यापुढे तू स्वतः ठोकायचास, ती सांगेल तिथे. हा विषय संपला."

विषय कुठला संपतोय? पुढच्या कामाला थोरले आले. तिने बोट दाखवलं तिथे तंबू ठोकला, दोर ताणून पाहिले, आणि ट्रकमध्ये जाऊन बसले. दुपारी तीन हात अंतरावर तिची ताटं निघत होती. थोरल्यांनी काच वर केली, घरून आणलेला डबा मांडीवर उघडला आणि पाठ फिरवून जेवू लागले.

"ताट पाठवू का त्यांना?" एका आचारणीने विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली, आणि पुढच्या ताटात भात वाढला.