किल्ल्यांचा खिळा

मी खिळा बोलतोय. जिन्याखालच्या भिंतीतला, डोक्याशी जरा वाकलेला. मला ठोकताना तीन हातोडे मोडले आणि सुताराने कंटाळून धंदाच सोडला. मोठ्या वादळात ही अख्खी इमारत मी एकट्याने धरून ठेवली होती. खोटं वाटत असेल तर भिंतीला विचारा. ती माझ्याविरुद्ध बोलणार नाही.

माझं काम किल्ल्या सांभाळायचं. बाहेर पडताना जो तो आपल्या घराची किल्ली मला अडकवून जायचा. कुणाचं दूध गॅसवर राहिलं, कुणाचं मांजर आत कोंडलं, की शेजारी किल्ली घेऊन सरळ आत शिरायचे. येताना वाटीभर साखरही आणायचे. एकदा एक चोर आला, एवढ्या किल्ल्या बघून ओशाळला आणि परत गेला.

वरच्या मजल्यावर शाळेतल्या निवृत्त बाई एकट्या राहायच्या. गुडघे दुखायचे, दारापर्यंत येणं जिवावर यायचं. म्हणून त्यांची किल्ली कायम माझ्याकडे. त्यांच्या समोरच्या घरातला शिंपी रोज सकाळी ती घेऊन जायचा आणि चहा टाकायचा.

"बाई, आज साखर कमी घातलीय."

"तू ब्लाउजला कापडही कमीच घालतोस."

जिन्यात आवाज घुमतो. मला सगळं ऐकू येतं.

मग राजधानीच्या स्टेशनात स्फोट झाला. शेकडो माणसं गेली. त्या दिवशी सगळी इमारत जिन्यात बसून एकच रेडिओ ऐकत रडली. शिंपीही रडला. तेवढ्यात बातमी आली की स्फोट करणारे अमुक प्रांतातले. शिंपी त्याच प्रांतातला. सगळे रडायचे थांबले आणि त्याच्याकडे बघायला लागले.

त्यानंतर एकेक किल्ली कमी होत गेली. बाईंची त्यांच्या मुलाने येऊन काढली.

"तुमच्यावर शंका नाही हो काका. पण दिवसच असे आलेत."

"असू दे," शिंपी म्हणाला. "फक्त त्यांना चहा करू देऊ नकोस. पडतील."

एका सकाळी वर धप्पकन आवाज झाला. बाई शिंप्याला हाका मारायला लागल्या. त्याने दाराला खांदा लावला, आणि काढून घेतला. धावत खाली येऊन इमारतीच्या सेक्रेटरींना बोलावलं.

"तू त्यांच्या दाराशी काय करत होतास?" सेक्रेटरींनी आधी हे विचारलं. मग सगळ्यांनी विचारलं. दार फोडलं तोवर हाका थांबल्या होत्या.

इथे मला थाप सुचत नाही. खूप प्रयत्न केला.

"काका, तुम्हीच का नाही फोडलंत दार?" मुलाने रडत विचारलं.

"फोडलं असतं तर तुम्हाला आत मी सापडलो असतो," शिंपी म्हणाला.

आता माझ्यावर पाटी टांगलीय: 'अनोळखी माणसांपासून सावध राहा.' वजनाला किल्लीपेक्षा बरीच जड आहे. ती नेहमी तिरकी राहते. सेक्रेटरी येता-जाता सरळ करतात, पुन्हा तिरकी होते.

कधी इथून गेलात आणि ती सरळ करावीशी वाटली, तर आधी तिच्या मागे हात घालून बघा. शिंपी अजून स्वतःची किल्ली मला अडकवून जातो.