सरांना अरे-तुरे

इसिरेली सर शिकवायचे नाहीत, वाचून दाखवायचे. पडद्यावर पान आलं की त्याच्याकडे तोंड करून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, हातातल्या रिमोटचं बटण दाबायचे, की दुसरं पान. आमच्या वाट्याला त्यांची पाठ यायची. पाठ चांगली रुंद होती आणि तिच्यावरचा फुलाफुलांचा शर्ट रोज वेगळा, कडक इस्त्रीचा असायचा. अर्ध्या सत्रात मला कॅल्क्युलस काही आलं नाही, सरांचे शर्ट मात्र पाठ झाले.

एवढंच करायचं होतं तर ही पानं मी लंबासाला बाबांच्या उसाच्या बांधावर बसून वाचली असती, बोटीत ओकत ओकत फिजीच्या राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात कशाला आले असते, असं मी रोज म्हणायचे. म्हणायचे कुठे, तर कँटीनमागच्या नीरफणसाखाली. तिथे आम्ही सगळेच वाघ होतो. टोंगाचा सेमिसी तर भिंतीकडे तोंड करून सरांच्या आवाजात कँटीनचा फलक वाचून दाखवायचा. "मटण करी. भात. पुढचं पान." आम्ही हसता हसता चहा सांडायचो. हसू ओसरलं की मात्र आठवायचं, की आम्ही सगळे पुढे शाळेत गणित शिकवायला जाणार आहोत. आमच्याच डोक्यात उजेड नाही तर पोरांना काय सांगणार होतो, डोंबल?

आणि वर्गात? वर्गात सर तासाला एकदा आमच्याकडे वळायचे आणि विचारायचे, "कळलं?" सगळ्या वर्गाच्या भुवया एकदम वर जायच्या. आमच्याकडे भुवया वर म्हणजे हो. मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं, हे फिजियन पोरांना कुणी शिकवावं लागत नाही, आणि माझ्यासारख्या ऊसवाल्या हिंदुस्थान्यांच्या घरातही वेगळं काही नसतं. माझी जीभ तिखट म्हणून अख्ख्या वसतिगृहात प्रसिद्ध, पण त्या क्षणी माझ्याही भुवया इमानदारीत वर. सर समाधानाने पुन्हा पडद्याकडे वळायचे. आधीच्या वर्षीच्या मुलांनी तर शिकवण्याबद्दलची मतं लिहून द्या म्हटल्यावर एकजात 'विनाका, सर' लिहून दिलं होतं. विनाका, म्हणजे आभार. कशाचे, ते त्यांनाच माहीत.

यात खरी बुडत होती ती वासे. वासेमाथा तिचं पूर्ण नाव, माझ्या खोलीतली. धिप्पाड पोरगी, आवाज मात्र मांजराच्या पिल्लाचा. गेल्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. दुसऱ्यांदा नापास झाली तर शिक्षकाच्या अभ्यासक्रमातून कायमची बाहेर, असा नियम. त्यापेक्षा आपणच नाव काढून घ्यावं आणि घरी जावं, असं तिने ठरवलं, आणि नाव काढायचा शेवटचा दिवस होता तो शुक्रवार. तिच्या नासोकी गावच्या शाळेत गणिताला माणूस टिकत नव्हता. आला तो पुढच्या बोटीने परत जायचा. वासे शिकून येईल आणि टिकेल, असं धरून अख्खं गाव बसलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसून बटाट्याचं रोटी पार्सल खात होतो, तेव्हा तिच्या बाबांचा फोन आला. ती नुसतीच "हं, हं" करत राहिली, डोळ्यांतून पाणी. मला राहवलं नाही. मी फोन ओढून घेतला आणि सरांचं सगळं पुराण काकांना ऐकवलं. पाठ, पडदा, पुढचं पान, काही ठेवलं नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव कुठलं त्याचं?"

"काका, गावाचं काय घेऊन बसलात? मी शिकवण्याचं सांगते आहे."

"ते मागाहून. आधी गाव सांग."

गाव मला माहीत होतं. पहिल्या दिवशी सरांनी पडद्यावर आपल्या गावाचा फोटो दाखवला होता, आणि आजवर मला कळलेलं तेवढं एकच पान. गेल्या वर्षी तो फोटो नव्हता, आणि यंदा त्या दिवशी वासे गावाहून येणाऱ्या बोटीत होती. "वुनिसेई," मी म्हटलं.

पलीकडे एवढं हसू फुटलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं पोरी, ते तर आमचे ताउवू," काका धापा टाकत म्हणाले. "त्यांचा आणि आमचा मूळ देव एक. त्यांनी आमची डुकरं पळवायची, आम्ही त्यांची केळी कापून आणायची. भेटलो की तोंडावर वाटेल ते बोलायचं, आणि जो रागावला तो हरला. माझ्या लग्नात वुनिसेईवाल्यांनी माझे कपडे पळवले. मी खिडकीचा पडदा नेसून उभा राहिलो. दे, वासेला दे."

वासेने फोन घेतला. मी कान लावून ऐकत होतेच.

"गेल्या वर्षी अख्खं सत्र, आता अर्धं, त्या माणसासमोर बसलीस," काका म्हणाले, "आणि त्याला एक शिवी दिली नाहीस? गावाचं नाक कापलंस."

"बाबा, ते डॉक्टर आहेत. परदेशात शिकलेत."

"शिकला म्हणून गाव बदललं का त्याचं?"

रात्रीच्या जेवणापर्यंत वासे एकच म्हणत होती, मला नाही जमायचं. मी तिला म्हटलं, "उद्या तू नाव काढणारच आहेस ना? मग जाता जाता गावाचं तेवढं काम तरी करून जा." माझ्या जिभेला खाज, दुसरं काय.

शुक्रवारी सरांचा शर्ट हिरवा होता, त्यावर पांढरी जास्वंद. पडद्यावर एक लांबलचक अपूर्णांक होता आणि त्याच्या खाली 'एच'. सर वाचत होते की हा एच शून्याकडे जातो. वाचून झालं, सर वळले. "कळलं?"

भुवया वर. आणि त्या भुवयांमधून वासे उठली.

तिच्या चपलांचा चटक चटक आवाज करत ती सरळ पुढे गेली. सरांच्या हातातला रिमोट तिने काढून घेतला आणि आपल्या झोळीत टाकला. सर आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

"हे काय चाललंय?" त्यांनी अगदी विद्यापीठाच्या इंग्रजीत विचारलं.

वासे फिजियनमध्ये बोलली. आवाज कापत होता. "घेतलं. वुनिसेईच्या माणसाकडून घ्यायला विचारावं लागत नाही. आणि तू पाठ फिरवून काय पुटपुटतोस ते मागे कुणाला कळत नाही. तुमच्या गावचे बेडूकसुद्धा समोर बघून ओरडतात."

तू. सरांना तू. फिजियनमध्येही सरांशी बोलताना 'तुम्ही'च लागतं, आणि हिने भर वर्गात 'तू' म्हटलं. मी जीभ चावली. सेमिसीला फिजियन येत नव्हतं, पण त्याचाही पेन हातातून पडला.

"गाव?" सरांनी विचारलं.

"नासोकी."

 मग त्यांचा चेहरा असा काही खुलला की बस. सरांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"नासोकी," ते फिजियनमध्ये म्हणाले. "तरीच. सत्र सुरू झाल्यापासून माझी छत्री सापडत नाही."

"छत्री घेऊन आम्ही काय करू? पावसाला भितात ते वुनिसेईवाले. विरघळतात ना."

"विरघळतो, पण आंघोळ तरी होते आमची."

सगळा वर्ग खो खो हसत सुटला. मी सेमिसीच्या कानात भाषांतर करत होते, त्यामुळे तो दर वेळी सगळ्यांचं हसून झालं की एकटाच हसायचा आणि त्याच्यावर पुन्हा सगळे हसायचे. मी त्या खोलीत अर्धं सत्र बसले होते, पण तिथे हसण्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. वासेचा आवाजही आता कापत नव्हता.

"हसतोस काय नुसता," ती म्हणाली. "मला पहिल्या आठवड्यापासून काही कळलेलं नाही. गेल्या वर्षीही नाही. आज मी नाव काढणार आहे."

सरांचं हसू थांबलं. "पण तू तर भुवया वर करायचीस."

"भुवयांचं काय घेऊन बसलास, त्या जातातच वर. तू वाचतोस ते मलाही वाचता येतं. वाचून कळत नाही ते सांगायला तुला ठेवलाय."

सर टेबलाच्या कडेवर बसले. कमरेला लुंगीसारख्या गुंडाळलेल्या सुलूची घडी त्यांनी नीट केली.

"पहिल्या वर्षी मी पडदा वापरतच नव्हतो," ते म्हणाले. "फळा भरून टाकायचो. प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून अक्षरशः विनवायचो. भुवया वर. दुसऱ्या वर्षीही भुवया वर. परदेशात राहून मी विसरलो होतो, की या भुवयांत 'हो' किती आणि नुसता आदर किती. मला वाटलं, यांना सगळं येतंय, माझी काही गरज नाही. मग मी वाचायला लागलो. मलाही कंटाळा येतो गं त्या पानांचा. तुमचे झोपाळू चेहरे बघवत नाहीत म्हणून तर पाठ फिरवतो."

मी या माणसावर केवढी चिडून होते. आणि तो आमच्यासारखाच, आमच्याइतकाच वैतागून, आमच्याकडे पाठ करून उभा होता. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की काय सांगू.

तेवढ्यात सेमिसीने हात वर केला. "सर, वासेचं झालं. पण आम्ही कुणाचे ताउवू?"

सरांनी विचार केला. "या खोलीत तास चालू असेपर्यंत," ते म्हणाले, "तुम्ही सगळे नासोकीचे."

"गाव माझं आहे," वासे म्हणाली. "मला विचार आधी."

"विचारतो. घेतेस यांना?"

वासेने वर्गावरून नजर फिरवली, आजीबाईसारखी. "घेतले. आर्तिकाला शेवटी. ती डाळ करपवते." आर्तिका म्हणजे मी.

असे आम्ही नासोकीचे झालो. टोंगाचे, किरिबातीचे, लंबासाचे, सगळे. वासेने नाव काढलं नाही, आणि पुढे ती पास झाली, चांगल्या मार्कांनी, हे मधेच सांगून टाकते. आज ती तिच्या गावच्या शाळेत आहे आणि टिकून आहे. रिमोट तिने परत दिलाच नाही.

पण त्या शुक्रवारी अजून अर्धा तास उरला होता. सरांनी फळ्याजवळचा मार्कर उचलला, तो कधीच सुकून गेलेला. दुसराही सुकलेला. त्यावरून सेमिसीने वुनिसेईच्या विहिरींबद्दल काहीतरी बोलून आपलं नासोकीपण सिद्ध केलं. वासेने आपला मार्कर दिला. सर म्हणाले, "हं. आता कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक होतं. नीरफणसाखाली मी सरांवर केलेले विनोद वह्या भरतील एवढे होते, आणि आता ते तोंडावर म्हणायची मुभा होती. मी उठून उभी राहिले. आणि मला एकही आठवेना.  शिवी द्यायला वाटली नसती एवढी भीती आता वाटत होती, कारण मला खरंच काहीतरी विचारायचं होतं.

"सर," मी म्हटलं, "त्या वरच्या ओळीत तुम्ही एचने भागलंत. म्हणजे तो शून्य नाही, शून्याने भागता येत नाही. आणि खालच्या ओळीत तोच एच शून्य म्हणून पुसून टाकलात. मग तो शून्य आहे की नाही? मला नाही कळलं."

कुणी हसलं नाही. मागून किरिबातीची एक मुलगी हळूच म्हणाली, "मलाही." मग आणखी कुणी, मग आणखी कुणी.

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग दिसलं की त्यांचे डोळे भरलेत.

"हाच प्रश्न," ते म्हणाले. "सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. मोठमोठे गणिती या एचपाशी अडून बसले होते. इतकी वर्षं मी वाट बघतोय, कुणीतरी हा विचारेल म्हणून." त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत पुसला आणि मार्करचं टोपण काढलं. "पुन्हा विचार. नासोकीच्या माणसासारखा विचार."

मी मोठा श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं, या वेळी 'तू' म्हणून.