वाटेवरचे उंबरे

शुद्ध सोमवारी, ईस्टरआधीच्या उपवासांच्या पहिल्या दिवशी, सगळे अथेन्स पतंग घेऊन फिलोपाप्पूची टेकडी चढते. त्या वर्षी माझी थोरली बहीण पोलिक्सेनी आकाशाकडे पाहतही नव्हती. तिची नजर पायांखाली होती. गुरुवारी ती मेलबर्नला, मुलाकडे, कायमची जाणार होती. त्याआधी आईचा उंबरा एकदा ओलांडायचा, एवढाच तिचा हट्ट होता.

ज्या वास्तुशिल्पीने टेकडीची ही वाट रचली, त्याने शहरात पाडल्या जाणाऱ्या घरांचे दगड गोळा करून फरसबंदीत बसवले होते. आमचे घर त्याच सुमारास पाडले गेले. जागेच्या बदल्यात आईला फ्लॅट मिळाला आणि उंबरा टेकडीवर गेला, असे ती अखेरपर्यंत सांगत असे. वळणावरच्या पाइनखालचा फिकट संगमरवर तिनेच आम्हांला दाखवला होता. येता-जाता आम्ही त्याला मान लववत असू.

त्या दिवशी त्याच्यावर कापड अंथरून एक कुटुंब जेवत बसले होते.

"बाई, जरा उठता का? हा आमचा उंबरा आहे," ताई म्हणाली.

"उंबरा?" कांद्याची पात खाता खाता ती बाई हसली. "अहो, ही आमच्या आजीची खिडकी. इथं ती फुलांची कुंडी ठेवायची."

"मग तुमची आजी आमच्या दारात कुंड्या ठेवत होती म्हणायची!"

"ताई, सणाच्या दिवशी भांडण कशाला?" मी म्हणालो.

"तू गप रे, लाम्ब्रो. मान लववायला मात्र सगळ्यांत पुढे असायचास."

"एवांथिया, सरक की," बाईचा नवरा म्हणाला. "आधी बसू दे त्यांना. मांस-मच्छी नाही, पण ऑलिव्ह पोटभर आहेत."

एवांथियाने तिळाच्या चपट्या पावाचा तुकडा मोडून ताईच्या हातात ठेवला. "उंबऱ्याला भोक असतं हो, दाराची खालची कडी बसते ते. बघू या का?"

वाट्या बाजूला करून तिने कापड उचलले. दगड गुळगुळीत होता. कडेला फक्त पावसाचे पाणी ओघळून जाण्यासाठी कोरलेली खाच होती, खिडकीच्या दगडाला असते तशी. ताईने त्यावरून हात फिरवला आणि मग तो तसाच राहू दिला.

"आई चुकली," ती म्हणाली. मग वरच्या चढाकडे बघत म्हणाली, "नाहीतर तिला पुढचा चढ झेपत नसेल. तेव्हा गुडघे दुखायचे ना तिचे. म्हणून इथेच दाखवला असेल."

एवांथियाने हात पुसले. "मग वरच असणार. चला."

वळणापलीकडे कडीचे भोक असलेला एक दगड सापडला. ताईचा चेहरा उजळला. पण चार पावलांवर दुसरा होता, त्याच्यापुढे तिसरा, आणि पुढे तर जागोजागी.

"अगं बाई," एवांथिया म्हणाली, "अर्धं अथेन्स दारं काढून इथं निजलंय!"

"यांतला आपला कोणता, ताई?" मी विचारले.

तिने हातातली पर्स माझ्याकडे दिली, स्कर्ट जरासा उचलला आणि आई शिकवायची तसा उजवा पाय आधी टाकून पहिला उंबरा ओलांडला. मग दुसरा. पतंगवाली मुले तिला वळसा घालून पळत होती. मी मागून चाललो होतो.

"अहो, डावीकडचा राहिला!" मागून एवांथिया ओरडली.

ताई मागे वळली आणि तोही ओलांडून आली.