माठावरचे अठ्ठावीस अंश

लेकीने पुण्याहून ते पांढरं यंत्र पाठवलं आणि शकुबाईंना या वयात नव्याने सासू मिळाली. घरातली हवा कशी, उकाडा किती, हे सगळं ते मोजायचं आणि, सेल नि सिमकार्डावर चालत असल्याने लाइट गेली तरी, लगेच पुण्यात समीक्षाच्या फोनवर चुगली करायचं. मिरचीची फोडणी घातली की त्याला लाल दिवा लागायचा. अरे, फोडणी सोसत नाही तर पांढरकवड्यात आलास कशाला?

फोडणीचं एक वेळ सोडा. खरा घोळ तापमानाचा होता. "घरात बेचाळीसच्या वर गेलं का मी तुले इकडे घेऊन येईन," असं समीक्षाने ठणकावून सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात शकुबाई तिच्याकडे अकराव्या मजल्यावर दोन महिने काढून आल्या होत्या. लेक-जावई कामावर, बोलायला भिंती. खाली उतरलं तर वॉचमन विचारायचा, आजी, कुठे निघालात? इथे शेजारच्या इंदूबाईसोबत गच्चीवर कुरड्या घालायचे दिवस, आणि ते सोडून त्या खुराड्यात कोण मरायला जाईल?

पण लाइट गेली की कूलर बंद पडायचा आणि आकडा चढायचा. मग शकुबाईंनी डोकं लढवलं. माठाला ओलं पोतं गुंडाळलेलं होतंच. त्याचं टोक झाकणावर ओढून घेतलं आणि यंत्र त्यावर बसवलं. आकडा अठ्ठावीसवर आला, तोही भर मे महिन्यात.

समीक्षाचा फोन आलाच. "आई, मशीन चुकीचं दाखवून राह्यलं. कुठी ठेवलं?"

"तू सांगतलं तसंच. भिंतीपासून दूर, उन्हात नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. समीक्षाने कंपनीच्या माणसाला फोन लावला. सेल काढा, परत घाला, अर्धा तास थांबा, तो म्हणाला. शकुबाईंनी तसंच केलं आणि यंत्र परत माठावर ठेवलं; अर्ध्या तासाने पुन्हा अठ्ठावीस. शेवटी तो कंटाळला आणि म्हणाला, यंत्र कमी दाखवतंय, सेटिंगमध्ये दहा अंश वाढवून टाका. समीक्षाने पुण्यातूनच वाढवले. अठ्ठावीसचे अडतीस झाले आणि मायलेकी दोघी खूश झाल्या.

तिसऱ्या दिवशी दोघी गच्चीवर कुरड्या घालत होत्या, तेव्हा इंदूबाई पाणी प्यायला खाली आली. "पाण्याच्या माठावर सेलचं सामान ठेवते का कोणी," असं म्हणत तिने यंत्र उचलून फ्रिजवर ठेवलं आणि परत गच्चीवर गेली. थोड्या वेळाने लाइट गेली. खोली तापून पंचेचाळीसवर पोचली, आणि वरचे दहा होतेच.

शकुबाई खाली आल्या तेव्हा फोनवर नऊ मिस्ड कॉल होते. दहावा त्यांनी उचलला.

"आई, घरात पंचावन्न आहे. मी निघाली."

"अवं बाई, तसं नाही ते..."

फोन कट झाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तीन गाड्या बदलून, घामाने निथळत समीक्षा दारात उभी राहिली. तिने फ्रिजवरचं यंत्र पाहिलं. मग माठ पाहिला. झाकणावरच्या ओल्या पोत्यावर यंत्राच्या आकाराचा चौकोन अजून दबलेला होता.

शकुबाईंचे डोळे भरून आले. "मले नको नेऊ बाई. तिथं थंड वाटते, पण मी करू काय तिथं?"

समीक्षा माठातलं दोन गिलास पाणी प्यायली आणि कूलरसमोर बसली. चार दिवस राहिली, कुरड्यांचा चीक वाटीवाटीने खाल्ला. निघताना यंत्राचे सेल काढून पर्समध्ये टाकले.

"आता रोज दोन वाजता मी फोन करीन. किती गरम आहे ते तू सांगशील. पण खरं सांगजो."

पहिल्याच दिवशी बरोबर दोनला फोन वाजला. लाइट नव्हती. शकुबाई डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसल्या होत्या.

"किती आहे, आई?"

"अठ्ठावीस."

"डोक्यावर ओलं फडकं आहे ना?"

"आहे ना."

"मग ठीक आहे. जेवली का?"